शेवटच्या साइजपलीकडे

आमच्या वर्कशॉपात एक नियम आहे. भिंतीवर तो कुठेच लिहिलेला नाही, पण वडिलांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकलाय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन: दर्यासाठी एक साइज राखून ठेवायची.

आमचं काम क्रँकशाफ्ट ग्राइंड करण्याचं. क्रँक म्हणजे इंजिनाच्या पोटातला तो वाकडातिकडा जाड दांडा, जो पिस्टनच्या वरखाली होण्याचं चाकाच्या फिरण्यात रूपांतर करतो. वापरून वापरून त्याचे गोल भाग झिजतात, त्यांवर ओरखडे पडतात. मग तो आमच्याकडे मिरजोळ्याला येतो. आम्ही झिजलेला भाग घासून पुन्हा गोल करतो आणि त्यावर थोडं जाड बेअरिंग बसतं. पहिल्या वेळी पाव मिलिमीटर, मग अर्धा, मग पाऊण, मग एक. चार साइज, म्हणजे चार आयुष्यं. एक मिलिमीटरनंतर क्रँक भंगारात.

आमची गिऱ्हाइकं बहुतेक मच्छीमार. बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, क्रँक घेऊन आला की वडील आधी बघतात, कमीत कमी किती घासून भागेल. पाव मिलिमीटरने भागत असेल तर अर्धा कधीच नाही. आणि क्रँक शेवटच्या साइजवर आला असेल तर त्या माणसाला बाकावर बसवून, चहा पाजून सांगतात, "ह्यो आता किनाऱ्यावरच्या कामाला ठेव. खोल पाण्यात नेऊ नको." काम परत पाठवणारा माणूस म्हणून त्यांना दाभोळपासून राजापूरपर्यंत मान आहे.

काम झालं की क्रँकच्या जाड बाजूवर साइजचा आकडा ठोकायचो आणि शेजारी एक लहानसं पिंपळाचं पान. ते पान म्हणजे वडिलांचा शिक्का. त्याचा पंच त्यांनी तरुणपणी स्वतः कानशीने घासून बनवला होता. धक्क्यावर क्रँक विकायला निघाला तर लोक आधी पान शोधतात.

मी ग्राइंडिंगच्या मशीनवर पंचवीस वर्षं उभी आहे. गेली आठ-दहा वर्षं तर सगळं घासकाम माझंच, कारण वडिलांची नजर मायक्रोमीटरच्या रेघांवर ठरत नाही. पण तेव्हा शिक्का पानाचाच. दाराशी आलेला माणूस अजूनही माझ्या डोक्यावरून आत बघतो आणि विचारतो, "मालक हायत काय?" मी हातातला मायक्रोमीटर खाली ठेवत नाही. नुसती मान हलवून दाखवते, खुर्चीत बसलेत. खोटं कशाला बोलू, मला राग यायचा. हात माझे, पान त्यांचं. आपला एखादा शिक्का असावा असं मला वाटायचं, पण तो बापाकडे मागायचा कसा? ही काय मागून घ्यायची वस्तू आहे?

तर त्या वर्षी फेब्रुवारीत माझा भाऊ बोटीवरून घरी आला. परदेशी मालवाहू जहाजावर तो सेकंड इंजिनिअर आहे. सुट्टी चार महिन्यांची, त्यातला पहिला महिना झोपण्यात आणि मासे खाण्यात जातो आणि मग त्याच्या डोक्यात काहीतरी शिरतं. या वेळी शिरली ती वडिलांची गाडी.

त्या गाडीबद्दल सांगायलाच हवं. बोटींचे क्रँक घासून घासून वडिलांनी ती घेतली, तेव्हा आमच्या वाडीत कुणाकडे स्कूटरही नव्हती. गाडी विहारासमोर आणून उभी केली, वंदना झाली आणि मग वाडीतल्या झाडून सगळ्या पोरांना पाच-पाच करून हायवेपर्यंत फिरवून आणलं. आईने तिच्या मागच्या काचेत लावलेला मोत्यांचा पडदा अजून आहे. दिसायला साधी सेडान, पण ज्यांना कळतं ते अजून तिच्या इंजिनाचं नाव आदराने घेतात. कंपनीने ते मॉडेल केव्हाच बंद केलं. आमचं इंजिन आता थकलं होतं, ऑइल पीत होतं, खालून ठोकत होतं.

"ताय, नुसतं रिपेअर नको," भाऊ म्हणाला. "स्ट्रोकर करूया. रोज बाजारात नेता येईल, पण घाटात कुणाच्या बापाला ऐकणार नाही."

स्ट्रोकर म्हणजे काय, तर इंजिनाची ताकद वाढवण्याचा एक जुना मार्ग. सिलिंडरचं भोक मोठं करता येतं, पण आमच्या इंजिनाच्या भिंती आधीच पातळ होत्या. मग उरतं काय? पिस्टनची वरखाली होण्याची उडी लांब करायची, म्हणजे तेवढ्याच भोकात जास्त हवा आणि जास्त पेट्रोल मावतं. त्यासाठी क्रँक बदलावा लागतो. भावाने फोनवर परदेशातले तयार क्रँक दाखवले, सोबत रॉड, सोबत पिस्टन, सगळं चकचकीत खोक्यात. येईल तीन महिन्यांनी. आपल्या ब्लॉकमध्ये बसेलच याची खात्री विकणाराही देत नव्हता.

मी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "काखेत कळसा आणि गावाला वळसा! घरात बहीण काय पोळ्या लाटते?"

कारण दुसरा मार्ग मला माहीत होता. पुस्तकात वाचलेला, व्हिडिओत पाहिलेला, कधी न केलेला. क्रँकचा जो गोल भाग पिस्टनच्या रॉडला धरतो, तो मधोमध न घासता एका अंगाने घासायचा. आतल्या बाजूने तीन मिलिमीटर काढायचे, बाहेरच्या बाजूने जवळजवळ काहीच नाही. गोल लहान होतो, पण त्याचा मध्य दीड मिलिमीटर बाहेर सरकतो. पिस्टन दीड मिलिमीटर जास्त वर जातो, दीड जास्त खाली. उडी तीन मिलिमीटरने लांब. लहान झालेल्या गोलावर दुसऱ्या लहान गाडीचे रॉड बसतात, ते मी मोजून ठेवले होते. पिस्टन पुण्याहून, पिनचं भोक थोडं वर घेऊन बनवून आणायचे, म्हणजे ते वर हेडला धडकणार नाहीत. एवढं करून इंजिन बाहेरून जसंच्या तसं.

भाऊ खूश झाला. वडील झाले नाहीत.

त्यांनी क्रँक मांडीवर घेतला. एकदाही न घासलेला, मूळ साइजचा, चारही आयुष्यं शिल्लक असलेला. अंगठा फिरवत म्हणाले, "पाव मिलिमीटर मार, आणखी वीस वर्सं गाडी चालंल. आनि तू काय करतेस? तीन! शेवटच्या साइजच्या पार पलीकडं. पयल्याच घासाला आख्खं ताट पुसून खातेस गो."

"बाबा, वीस वर्षं चालून करायचं काय? अंगणात उभी करून टपावर खोबरं वाळत घालायला?"

"ह्याला दुसरा क्रँक मिळणार नाय."

"म्हणून तर मी नीट करणार."

ते गप्प झाले की आमच्या शेडमधले पंखेसुद्धा हळू फिरतात असं भाऊ म्हणतो. शेवटी क्रँक माझ्या हातात दिला. "करशील तर एकटी कर. मी हात लावणार नाय. पन एक ध्यानात ठेव बाय, वर पान माझं बसनार हाय."

म्हणजे बिघडला तर गाडीही त्यांची जाणार आणि नावही. मला हे पुरतं कळत होतं. तरी मी घेतला. माझा स्वभाव असाच, कुणी नको म्हटलं की हात शिवशिवतात.

घासायला दोन दिवस लागले. नेहमीच्या कामात दगडी चाक क्रँकला टेकलं की एकसारखा आवाज येतो, पाण्यात तापलेला तवा धरल्यासारखा. इथे चाक फक्त एका बाजूला टेकत होतं, त्यामुळे आवाज तुटत होता. खर्र, गप. खर्र, गप. चारही गोलांना असंच. शेजारच्या शेडमधला वेल्डर दोनदा येऊन बघून गेला की मशीन मोडलंय का. वडील खुर्चीत पाठ करून बसले होते, पेपर वाचत. पण पहिल्या दिवशी दुपारी तो तुटका आवाज हळूहळू भरत गेला आणि एका क्षणी सलग झाला, म्हणजे पहिला गोल पुरता गोल झाला, तेव्हा त्यांचं पेपराचं पान उलटायचं थांबलं होतं. ते मी बघितलं.

कोपऱ्यांची गोलाई मी हाताने चाक तासून तासून राखली, कारण क्रँक तुटतो तो कोपऱ्यातून. शिक्का ठोकताना पानाशेजारी आकडा काय घालावा कळेना. चारपैकी कुठलीच साइज नव्हती ती. नुसतं पान ठोकलं. मग आईच्या जुन्या लुगड्यात क्रँक गुंडाळून एसटीने कोल्हापूरला गेले, भट्टीत त्याचं अंग कडक करून घ्यायला. आंबा घाटभर तो मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "लहान मुलाचं अर्धं तिकीट लागतं हां." मी म्हटलं, "वजन करा आणि पूर्ण घ्या." आठ दिवसांनी तसाच मांडीवर घेऊन परत आले.

एप्रिलअखेर इंजिन बांधून झालं. पहिल्या किल्लीला सुरू झालं! भाऊ नाचला. मीही नाचले असते, पण वडील बघत होते.

आणि इथे आम्ही चूक केली. आमच्यासारख्यांनीच करावी अशी.

बोटीला नवं बांधलेलं इंजिन बसवलं की ती धक्क्याला दुहेरी दोराने बांधतात आणि इंजिन एका वेगात दिवसभर चालू ठेवतात. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला घासून घासून बसतात. संध्याकाळी पेढे. आमच्या डोळ्यांसमोर हजार वेळा झालेलं. मी गाडीच्या चारही चाकांना चिरे लावले, ॲक्सिलरेटरवर लाकडाची खुंटी ठोकली आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच गाडी अंगणात एकाच आवाजात चालवली. पेढे वाटले. वेल्डरने दोन घेतले.

चार दिवसांनी निवळीच्या चढावर गाडीने मागे निळा धूर सोडला. थोडाथोडका नाही. मागून येणारा रिक्षावाला शेजारी आला आणि हसत म्हणाला, "काय ताई, डास मारायला निघालात?" मी त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. परतीच्या वाटेवर गाडी चालवता चालवता भाऊ अगदी जपून म्हणाला, "ताय, उडी लांब झाली की रॉड जास्त तिरका पडतो. पिस्टन भिंतीला रेटत असेल. सिलिंडर खाल्ले असतील." म्हणजे दोष बांधणीचा नाही, निवडीचा. माझ्या निवडीचा. मी खिडकीबाहेर बघत बसले. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बोटींत एक साइज राखून ठेवणाऱ्या माणसाची स्वतःची गाडी मी संपवली, एवढंच डोक्यात फिरत होतं. रडू आलं आणि स्वतःचाच संताप आला.

दुसऱ्या दिवशी इंजिन उघडलं. वडील न बोलावता येऊन उभे राहिले. हात लावणार नाही म्हणाले होते, पण चष्मा पुसला आणि बोट सिलिंडरच्या आत घातलं. नख फिरवलं. मग मला म्हणाले, "तू फिरव." फिरवलं. गुळगुळीत. होनिंगच्या, म्हणजे सिलिंडर आतून दगडाने घासताना पडणाऱ्या, ज्या बारीक तिरप्या रेघा असायला हव्यात, ज्यांत ऑइल धरून राहतं आणि रिंगा बसतात, त्या चकाकीखाली बुजून गेल्या होत्या.

"आरसा झालाय," वडील म्हणाले. "खाल्लेला नाय. भिंत कुठं खाल्लीय? माप."

मापलं. एका शतांशाचाही फरक नव्हता.

"बोट धक्क्याला बांधतात तवा पंखा पानी कापत असतो ना? इंजिनाला भार असतो. भाराने रिंगा बसतात. तुज्या अंगनात काय कापत व्हता? वारा?" आणि मग ते हसले. महिनाभरात पहिल्यांदा. "सगळी अक्कल दर्याची. रस्त्याची एक नाय!"

भाऊ माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. दोन पिढ्या इंजिनांवर पोसलेलं घर आणि आम्ही गाडी सुटी ठेवून आठ तास रिकामी पळवली. हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. आपलेच दात, आपलेच ओठ.

तेवढ्यात वडिलांनी क्रँक बाहेर काढायला लावला. बाकावर लाकडी ठोकळ्यांवर ठेवून त्यांनी त्यांचा जुना मायक्रोमीटर मागितला. रेघा दिसत नव्हत्या, म्हणून आकडे मला वाचायला लावत होते, पण पकड त्यांची. चारही गोल, प्रत्येक तीन ठिकाणी, आडवे-उभे. मी आकडे वाचत गेले. तेच, तेच, पुन्हा तेच. कोपऱ्यात नख घालून त्यांनी गोलाई तपासली. बेअरिंगची उलटी बाजूसुद्धा उजेडात धरून बघितली. झीज नव्हती. मग क्रँक फिरवून त्यांनी पान शोधलं. त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं. आणि हात लांब करून छोटा हँड ग्राइंडर घेतला. भट्टीतून आलेल्या पोलादावर कानस चालत नाही.

काही कळायच्या आत त्यांनी पानावर ग्राइंडर टेकवला. ठिणग्या उडाल्या.

"बाबा! काय करताय? बॅलन्स जाईल!"

"अर्ध्या ग्रॅमाने काय व्हत नाय."

पान गेलं. वरचा कडक थर निघून तिथे आतल्या मऊ पोलादाचा चकचकीत डाग राहिला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आकडे मीच वाचले होते, दोष क्रँकचा नव्हता, तरी यांना त्यावर स्वतःचं नाव नको? पंचवीस वर्षं ज्या पानाखाली राबले, ते माझ्या सगळ्यात चांगल्या कामावरून पुसलं? मी हातातलं फडकं बाकावर आपटलं आणि दाराकडे निघाले.

"थांब गो," ते म्हणाले. "मी असलं काम आयुष्यात केलं नाय. करायला घेतलं असतं तर जमलं नसतं, घाबरलो असतो. जे मी केलं नाय, त्याच्यावर माझं पान कशाला? लोकांना फसवू?" मग ग्राइंडर बंद करून, चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुजा शिक्का ठोक."

"माझा कुठाय शिक्का?"

"मंग कर."

मी बाकाकडे परत आले. भाऊ नको तिकडे बघत होता. बाकावर सेंटर पंच पडला होता, नुसतं टिंब पाडणारा. तो उचलला, हातोडी घेतली. पहिलं टिंब जरा तिरकं पडलं. ते मुद्दाम पाडल्यासारखं दिसावं म्हणून शेजारी दुसरं पाडलं. दोन बरी दिसेनात, म्हणून वर तिसरं. झाला शिक्का. वडिलांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "दिसतंय बरं." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं.

सिलिंडर पुन्हा होन केले, नव्या रिंगा घातल्या. दुधाने तोंड पोळलेलं, त्यामुळे या वेळी आम्ही ताकही फुंकून प्यालो. गाडी सुरू होताच अंगणाबाहेर. हातखंबा, पाली, परत निवळी. चढाला भार द्यायचा, उताराला सोडायचा, पुन्हा भार. तिसऱ्या दिवशी वडील स्वतः येऊन पुढच्या सीटवर बसले, मागे आई, भाऊ आणि मोत्यांचा पडदा. भाट्याच्या पुलावरून पुढे पावसच्या रस्त्याला चढ लागतो. तिथे सगळे गिअर पाडतात. मी चौथ्यातच ठेवली आणि पाय दाबला. गाडीने एकदा छाती भरून घेतली आणि चढाला चढ म्हणूनच मानलं नाही. मागे धुराचा मागमूस नव्हता. आईने पुढची सीट घट्ट धरली. वडिलांनी काहीच धरलं नाही. दोन्ही हात मांडीवर, मान किंचित वाकडी, कान इंजिनाकडे. वर सपाटीवर आल्यावर एवढंच म्हणाले, "परत खाली घे. एकदा आनि ऐकूया."

आम्ही तो चढ सहा वेळा चढलो. सांगायला लाज कसली? मला आजही त्या आवाजाचा गर्व आहे.

भाऊ मेअखेर बोटीवर गेला. जूनमध्ये मासेमारीची बंदी सुरू झाली आणि दरवर्षीप्रमाणे शेडमध्ये क्रँकच्या रांगा लागल्या. साइज मी नेहमीसारखीच राखून देत होते. ती अक्कल दर्याची आहे आणि दर्यासाठी ती बरोबरच आहे. फक्त आकड्याशेजारी आता तीन टिंबं पडत होती. त्याबद्दल घरात कुणी काही बोललं नव्हतं. मी ठोकत होते, वडील बघत होते.

जुलैत दाभोळचा एक म्हातारा तांडेल आपला क्रँक न्यायला आला. आमचं तीस वर्षांचं गिऱ्हाईक. मी मशीनवर दुसरा जॉब लावला होता, पाठ दाराकडे. तो क्रँक फिरवून फिरवून बघतोय हे मला आवाजावरून कळत होतं.

"मालक," तो वडिलांना म्हणाला, "पान नाय दिसत. ही टिंबं कुनाची?"

खुर्ची करकरली.

"मालक मी नव्हं," वडील म्हणाले. "ती बघ, मशीनवर हाय. तिला विचार."

मी मागे वळून बघितलं नाही. चाक जॉबला लागलेलं असताना मान फिरवायची नाही, हे त्यांनीच शिकवलंय.